शहरातर्फे विचारपूस

माझी बायको शहराची वकील आहे. हे वाक्य मी कुणासमोर उच्चारलं की समोरच्याचा चेहरा उजळतो. त्याला वाटतं, आपलं एक काम फुकटात झालं. शेजाऱ्याच्या झाडाची फांदी, घरमालकाची कटकट, वरच्या मजल्यावरून ठिबकणारं पाणी, प्रत्येकाकडे काहीतरी असतंच. मग मला सांगावं लागतं, की बाबा रे, ती शहराची वकील आहे, शहरातल्या लोकांची नाही. यावर हमखास प्रश्न येतो, "म्हणजे शहर कोण?" लग्नाला इतकी वर्षं झाली तरी या प्रश्नाचं उत्तर मला धड देता येत नाही, आणि ती स्वतः देते तेव्हा ऐकणारा आणखी गोंधळतो.

मी किल्ल्या बनवतो. चौकात माझं कुलपांचं दुकान आहे. दुकान कसलं, अर्धं दुकान. उरलेल्या अर्ध्यात आईचं शिवणयंत्र असायचं. चौकातून न्यायालयाच्या पायऱ्या दिसतात, त्यामुळे वकिलांचे काळे कोट शिवायला आईकडेच यायचे. कुठल्या वकिलाचं पोट किती आणि ते कोणत्या वर्षापासून सुटायला लागलं, हे आईला तोंडपाठ होतं. माझी बायको त्या दुकानात पहिल्यांदा आली ती आपला पहिला कोट शिवायला. आईने खांद्यावर टेप धरली आणि म्हणाली, "सरळ आहेत हो खांदे. पॅड नको लावायला." ती गेल्यावर मला म्हणाली, "ही वाकणारी पोरगी नाही. झेपेल का तुला, विचार कर." मी फारसा विचार केला नाही. कोट आधी बसला, लग्न नंतर बसलं. पुढे आईने धंदा बंद केला, यंत्र घरी आणलं, पण सुनेचा कोट मात्र दर वेळी तीच शिवायची. सुनेने दुसरीकडे शिवून घेतलेला कोट घालणं म्हणजे घरात सावत्र माणूस आणणं, असं तिचं मत होतं.

आमच्या गल्लीत तिला सगळे वकीलबाई म्हणतात. मीसुद्धा भांडण झालं की तेच म्हणतो.

वकीलबाईंचं ऑफिस नगरपालिकेच्या इमारतीत, वरच्या मजल्यावर, कॉरिडॉरच्या अगदी टोकाला आहे. मी पहिल्यांदा तिथे गेलो तेव्हा मला वाटलं, भंगारवाल्याकडे आलो. एका कपाटात गटाराचं फुटकं झाकण, वाकलेलं सायकलचं चाक, बुटाची तुटलेली टाच आणि फूटपाथच्या कडेचा एक मोठा तुकडा, सगळ्यांना नावाच्या चिठ्ठ्या बांधलेल्या. हे सगळं पुरावे म्हणून. कुणी शहराच्या खड्ड्यात पडलं की ते शहरावर दावा लावतं, आणि शहराकडून उभी राहते माझी बायको. उलट कुणी रस्त्यात विटांचा ढीग टाकला, कुणी हॉटेलात गाणी इतकी मोठ्याने लावली की शेजाऱ्यांच्या खिडक्या थरथरल्या, तर त्याला न्यायालयात ओढायलाही तीच. थोडक्यात, अर्धं शहर शहरावर दावा लावतं, उरलेल्या अर्ध्यावर शहर दावा लावतं, आणि मधे माझी बायको डबा खात बसलेली असते.

पण ते काम दिसणारं. न दिसणारं जास्त. शहराने कचऱ्याच्या गाड्या घ्यायच्या, तर करार आधी तिच्या टेबलावर. ती शेवटच्या पानापर्यंत वाचते आणि विचारते, "गाडी भर रस्त्यात बंद पडली तर ढकलायची कुणी? इथे लिहिलेलं नाही." नगरसेवकांनी कुत्र्यांचा नियम करायचा ठरवला, तर तो नियम भाषेत बसवायचा तिने. त्यात एका नगरसेवकाने विचारलं होतं, मांजराला पट्ट्याने फिरवलं तर काय. तीन बैठका त्यावर गेल्या. वकीलबाई घरी येऊन पंख्याखाली नुसती पडून राहिली. मी म्हटलं, "मांजराचं काय झालं?" ती म्हणाली, "मांजर सुटलं. मी अडकले."

कुठल्याही खात्याला काही करायचं असेल, तर करता येईल की नाही हे सांगणं तिचं काम. आणि लोकांना 'नाही' ऐकायला आवडत नाही. एकदा खुद्द महापौर तिच्या खोलीत आले. त्यांना कुठल्याशा कामात जरा घाई होती आणि नियम आडवा येत होता. ते गोड आवाजात म्हणाले, "बाई, तुम्ही तर आमच्याच वकील."

ती म्हणाली, "तुमची नाही साहेब, तुमच्या खुर्चीची. त्या खुर्चीवर उद्या दुसरं कुणी बसेल, त्यालाही मी हेच सांगेन."

महापौर चहा न घेता गेले. पुढच्या आठवड्यात मात्र दुसऱ्या एका कामाचा कागद त्यांनी आधी तिच्याकडेच पाठवला. मला या गोष्टीचा फार अभिमान वाटतो. तिच्यासमोर मी तो दाखवत नाही, डोक्यावर बसेल.

घरच्यांना सवलत असेल असं वाटत असेल, तर तेही ऐका. मी हौसेने दुकानावर पत्र्याची भली मोठी किल्ली टांगली होती. एका उंच गृहस्थांनी तिला डोकं आपटून घेतलं आणि मला शहराची नोटीस आली. मी ती जेवताना बायकोसमोर धरली, तर तिने चक्क डोळ्यांवर हात ठेवला. "माझ्यासमोर नको. सकाळी नगरपालिकेच्या खिडकीवर जा, रांगेत उभा राहा." मी रांगेत उभा राहिलो, दंड भरला, किल्ली उतरवली. ती मात्र त्या दिवशी गुणगुणत झोपली. शहर जिंकलं होतं ना.

इतपत सगळं हसण्यावारी जात होतं. मग आई पडली.

बेकरीसमोरच्या फूटपाथवर एका फरशीचा कोपरा वर आला होता. आईचा पाय अडकला, तिने हात टेकला आणि उजवं मनगट मोडलं. दवाखान्यात पहिल्यांदा कोण पोचलं असेल तर वकीलबाई. मी दुकानाचं शटर ओढून जाईपर्यंत तिने डॉक्टरांना गाठलं होतं, आईचे केस विंचरले होते आणि तिला चमच्याने सूप भरवत होती. घरी आल्यावरही दोन दिवस आईला तिने जागचं हलू दिलं नाही. "आई, दुखतंय का? उशी उंच करू का?" दर तासाला हेच. शेवटी आईच वैतागून म्हणाली, "अगं, हात मोडलाय, मी नाही मोडले."

तिसऱ्या दिवशी जेवताना आईने जाहीर केलं, "मी शहरावर दावा लावणार."

माझा घास हातातच राहिला. मी बायकोकडे पाहिलं. तिने चमचा खाली ठेवला, पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाली, "आई, तो तुमचा हक्क आहे. चांगला वकील करा. पण आता यापुढे यातलं अक्षरही माझ्यासमोर बोलू नका." आणि स्वतःचं ताट उचलून ती आतल्या खोलीत जाऊन जेवली.

आईला आधी ती गंमत वाटली. ती मला म्हणाली, "बघ, घाबरली."

आईने वकील केला तो म्हणजे तिचं जुनं गिऱ्हाईक. निवृत्त झालेले, आमच्या ओळखीचे वकीलकाका. ते सडपातळ होते तेव्हापासून त्यांचे कोट आईच शिवत आली होती. काकांनी रीतसर नोटीस पाठवली, आणि ती जाऊन पडली नेमकी माझ्या बायकोच्या टेबलावर, कारण पडलेल्या माणसांचे दावे तिच्याकडेच येतात. नाव वाचताच तिने फाईल मिटली, उठली आणि थोरल्या वकिलांच्या खोलीत गेली. थोरले वकील म्हणजे तिचे साहेब, शहराचे मुख्य वकील. "साहेब, ही माझी सासू," एवढंच ती म्हणाली. साहेबांनी फाईल तिच्या हातून काढून शेजारच्या तरुण वकिलाला दिली. त्याला ऑफिसात सगळे चष्मेवाले म्हणतात, तो चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधतो म्हणून. चष्मेवाल्यांनी फाईल वेगळ्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. कुलूप माझ्याच दुकानातलं होतं, हे मला नंतर कळलं.

त्यांच्याकडे याची पद्धत अशीच आहे. आपलं माणूस समोरच्या बाजूला असेल, तर त्या फाईलच्या आणि आपल्या मधे भिंत उभी करायची. त्याबद्दल बोलणं निघालं की खोलीबाहेर जायचं. कागद बघायचा नाही, विचारायचं नाही, ऐकायचं नाही. ऑफिसात हे सोपं असेल. आमच्या घरात दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर. तिथे भिंत उभी करायची म्हणजे निम्मा संसार पलीकडे.

आईने 'दावा' हा शब्द उच्चारला की वकीलबाई उठायची. काकांचा फोन आला की ती गॅलरीत जाऊन कपडे वाळत घालायची, कपडे नसले तरी. याचंही मी हसू केलं असतं. पण एक गोष्ट मला हसण्यासारखी वाटेना. तिने आईला 'हात कसा आहे' हे विचारणं बंद केलं. एकदम, नळ बंद करावा तसं.

आईच्या ते लगेच लक्षात आलं. बोलली नाही. वाट पाहत राहिली. प्लास्टर निघालं, मनगट काठीसारखं बारीक झालं होतं, बोटं वळत नव्हती. प्लास्टर निघालेल्या दिवशी संध्याकाळी सून घरी आली तेव्हा आईने हात मुद्दाम टेबलावर, दिव्याखाली ठेवला होता. सुनेने त्याकडे पाहिलं, नजर वळवली आणि म्हणाली, "आई, चहा टाकू का?"

आई म्हणाली, "नको."

त्यानंतर आमच्याकडे 'लेकी बोले सुने लागे' सुरू झालं, फक्त लेकीच्या जागी मी. "काय रे, तुझा हात मोडला तर तुझी बायको तुला विचारेल का? का तुझ्याही हाताची फाईल असते?" मी दोघींच्या मधे अडकलो. एक बाजू घ्यावी तर आपलेच दात, दुसरी घ्यावी तर आपलेच ओठ. मी कुलपं दुरुस्त करतो, या कुलपाची किल्ली माझ्याकडे नव्हती.

एका सकाळी मी बायकोबरोबर तिच्या ऑफिसपर्यंत चालत गेलो. बेकरीसमोरची फरशी अजून तशीच होती, फक्त भोवती लाल-पांढरी पट्टी बांधलेली. हेही गमतीचं होतं. 'आधी दुरुस्त करा, मग भांडा. दुरुस्त करणं म्हणजे चूक कबूल करणं नव्हे,' असा सल्ला सगळ्या खात्यांना तिनेच कधीतरी लेखी दिलेला. एरवी रस्तेवाले तो पाळायचेही. पण ही फरशी वकीलबाईंच्या सासूची, हे कळल्यावर तिला हात लावायला कुणी धजेना. लगेच बसवली तर लोक म्हणणार वशिला, नाही बसवली तर आणखी कुणी पडणार. म्हणून त्यांनी मधला मार्ग काढला, पट्टी.

वकीलबाईने पट्टीकडे पाहिलं, ओठ घट्ट मिटले आणि वळसा घालून पुढे गेली. तिथे मी तिला थांबवलं.

"दाव्याचं नको बोलूस," मी म्हटलं. "पण हात कसा आहे एवढं विचारायला काय होतं तुला?"

"तेवढंच तर विचारता येत नाही," ती म्हणाली. "भांडण कशाचं आहे? हात किती मोडला आणि किती दुखतो, याचंच. मी विचारलं आणि त्या म्हणाल्या, आज जरा बरं वाटतंय, तर ते शहराच्या वकिलाने ऐकलेलं असेल. ऐकलेलं मला नाही ऐकलं असं करता येत नाही."

"तू कुणाला सांगणार आहेस थोडीच?"

"नाही सांगणार. पण उद्या त्यांना शहराकडून काही मिळालं, तर सगळे म्हणतील सुनेने मिळवून दिलं. त्या पडल्या, हात त्यांचा मोडला, आणि नाव माझं होईल. असं नको मला. त्यांना जे मिळेल ते त्यांचं मिळू दे." ती पुढे म्हणाली, "हे त्यांना सांगू नकोस. तेही या विषयावरचं बोलणंच झालं."

मी म्हटलं, "तुला वेड लागलंय."

"लागलं असेल. चल, उशीर होतोय."

मी खरं सांगतो, मला तिचा भयंकर राग आला होता. आणि तिच्याइतकी सरळ बाई मी दुसरी पाहिली नाही, हेही त्याच वेळी मनात होतं.

घरी मात्र काय काय घडत होतं ते माझ्याशिवाय कुणाला दिसत नव्हतं, असं मला वाटायचं. सकाळी निघण्यापूर्वी वकीलबाई स्वयंपाकघरात जाऊन सगळ्या बरण्यांची झाकणं सैल करून ठेवायची, कॉफीची, साखरेची, जॅमची. जड पातेली खालच्या फळीवर आली. एक दिवस ती मला म्हणाली, "बाथरूमच्या दाराला गोल मूठ आहे ती काढून दांडीची बसव. नुसत्या कोपरानेही उघडेल अशी." मी विचारलं, "कुणासाठी?" तर म्हणाली, "मला हवी आहे." मी बसवली. आईने विचारलं तेव्हा मी सांगितलं, दुकानात पडून होती. खोटं बोलायचं सगळं काम माझ्याकडेच आलं होतं.

मग बटणाचं झालं. न्यायालयात जायच्या कोटाचं मधलं बटण तुटलं. असलं बटण आई बसल्या जागी लावायची. वकीलबाईने आतून सेफ्टी पिन लावली आणि तशीच जायला लागली. मी म्हटलं, दे, मी लावतो, तर म्हणे कुलपासारखं लावशील. आईच्या नजरेतून पिन सुटली नाही. एका संध्याकाळी मी पाहिलं, आईने सुईदोरा काढला होता आणि डाव्या हाताने कोट मांडीवर ओढून घेतला होता. तेवढ्यात वकीलबाई आली. तिने सुई पाहिली, आईचा हात पाहिला आणि गर्रकन पाठ फिरवून स्वयंपाकघरात गेली. का, ते मला लगेच कळलं. ज्या हातासाठी भांडण चाललंय त्या हाताने आई शिवतेय, हे शहराच्या वकिलाने पाहायचंच नव्हतं.

आईला ते कळलं नाही. तिने कोट घडी करून खुर्चीवर ठेवला. दुसऱ्या दिवशी तिने माळ्यावरची बॅग मला खाली काढायला लावली.

"दाव्याचा निकाल लागला की मी ताईकडे जाते," ती म्हणाली. ताई म्हणजे माझी बहीण, दुसऱ्या गावात असते. "कायमची. इथे कुणाला अडचण नको माझी."

"अडचण कसली, आई?"

"ज्या घरात मोडल्या हाताला कुणी विचारत नाही, त्या घरात धडधाकट माणसाने तरी का राहावं?"

बॅग तिच्या खोलीत दाराशी उभी राहिली. वकीलबाईने ती पाहिली. जेवताना तिने भात तसाच ठेवला, आणि मी विचारलं तर म्हणाली, डोकं दुखतंय.

निकाल लावायला न्यायालय लागलंच नाही. चष्मेवाले रस्तेखात्याच्या इंजिनियरला घेऊन जागा पाहायला आले. इंजिनियर फरशी किती वर आलीय ते मोजायला वाकले, चष्मेवाले मागे सरले, पट्टीत पाय अडकला आणि बेकरीच्या दारात बसलेल्या कुत्र्याच्या अंगावर जाऊन पडले. चष्मा कपाळावरून उडाला. लागलं कुणालाच नाही, कुत्र्यालाही नाही. पण 'फूटपाथ सुस्थितीत आहे' असं जे उत्तर शहराने आईला दिलं होतं, ते पुन्हा म्हणायची सोय राहिली नाही. आठवड्याभरात साहेबांनी तडजोडीसाठी बोलावलं.

मी आईला घेऊन गेलो. वकीलबाईला त्या दिवशी साहेबांनी मुद्दाम न्यायालयात, कुत्र्याच्या पट्ट्याच्या खटल्यावर पाठवलं होतं. लांबट टेबलाच्या एका बाजूला साहेब आणि चष्मेवाले, दुसऱ्या बाजूला आई, काका आणि मी. मागे ते फुटक्या झाकणांचं कपाट. साहेबांनी सांगितलं, दवाखान्याचा सगळा खर्च शहर देईल, फरशी लगेच बसवेल. काकांनी आईकडे पाहिलं. काकांना वाटलं होतं, आणखी थोडं ताणू.

आई म्हणाली, "मला जास्त काही नको. फक्त एक अट आहे."

"बोला."

"मी पडल्यापासून शहराने मला एकदासुद्धा विचारलं नाही, हात कसा आहे म्हणून. नोटीस पाठवली तर उत्तर आलं, दावा नाकबूल. अहो, नाकबूल करायच्या आधी माणूस विचारतो तरी. तर शहराने मला विचारावं."

चष्मेवाले लिहिता लिहिता थांबले. साहेब सौम्यपणे म्हणाले, "आजी, शहर म्हणजे काही माणूस नव्हे."

"मग तुमचा पक्षकार कोण आहे? माझी सून तर घरी सांगते की शहर हाच आमचा पक्षकार, महापौरसुद्धा नाही. ज्याला वकील करता येतो, त्याला विचारपूसही करता आली पाहिजे."

काका खोकल्यासारखं करून हसले. साहेबांनी हात जोडले. "बरोबर आहे तुमचं. मी शहराचा मुख्य वकील. मी विचारतो. आजी, हात..."

"तुम्ही नको," आई म्हणाली. तिचा डावा हात उजव्या मनगटावर होता. "कुणाला पाठवायचं ते शहराने ठरवावं. मी संध्याकाळी घरीच असते."

साहेबांनी एकदा आईकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि एकदा खिडकीतून खाली पार्किंगकडे. मग चष्मेवाल्यांना म्हणाले, "लिहून घ्या."

"साहेब, पण याला नेमकं काय म्हणायचं?"

"शहरातर्फे विचारपूस. सह्या झाल्या की फाईल बंद. मग मधे काही उरत नाही."

सह्या झाल्या. आईने डाव्या हाताने केली. घरी येताना ती बेकरीसमोर थांबली, फरशीकडे पाहिलं आणि म्हणाली, "मेले, काय काय करून ठेवलंस."

संध्याकाळी दाराची घंटा वाजली. मला आश्चर्य वाटलं, कारण आमच्या घराची किल्ली असलेलं कुणी घंटा वाजवत नाही. दार उघडलं तर बाहेर माझी बायको उभी. काळा कोट, मधे सेफ्टी पिन, हातात ब्रीफकेस. मला म्हणाली, "आजी आहेत का घरात?" मी बाजूला झालो. आई आपल्या खोलीत खुर्चीत बसली होती, दारातली बॅग तिच्या आणि सुनेच्या मधे. वकीलबाई बॅगेच्या अलीकडेच उभी राहिली. खांदे नेहमीसारखे सरळ होते, पण ब्रीफकेसचा पट्टा तिने दोन्ही हातांनी पिळून धरला होता.

"मी शहरातर्फे आले आहे," ती म्हणाली. "शहराने विचारलंय, तुमचा हात कसा आहे?"

आईने तिच्याकडे नीट पाहिलं, पिनेसकट. मग म्हणाली, "शहराला सांग, बरा आहे."

"सांगते."

"आता तू विचार."

वकीलबाईच्या हातून ब्रीफकेस खाली पडली. बॅग ओलांडून ती आईच्या पायाशी जमिनीवर बसली आणि तो वाळका हात तिने दोन्ही हातांत घेतला. "आई," ती म्हणाली, "दुखतो का हो?"

"दुखतो गं," आई म्हणाली. "फार दुखतो. रात्री तर झोप लागत नाही." आणि इतके महिने एक टिपूस न गाळलेली माझी आई रडायला लागली. वकीलबाई तर आधीच रडत होती. मी दारात उभा होतो, मला कुणी विचारलं नाही, मीही रडलो.

थोड्या वेळाने आई म्हणाली, "झाकणं तू सैल करून ठेवायचीस, ते कळत होतं मला. याला कुठलं सुचायला. दाराची मूठही तुझीच. पण झाकणाने विचारलेलं वेगळं आणि तोंडाने विचारलेलं वेगळं."

"हो, आई."

"काढ तो कोट. ती पिन बघवत नाही मला."

सुई सुनेने ओवली. बटण आईने लावलं, डाव्या हाताने, आणि ते अर्धं बोट खाली आणि वाकडं लागलं. वकीलबाई तो कोट घालून रोज शहराच्या बाजूने उभी राहते, आणि कुणी बटण सरळ लावून देतो म्हटलं तर नाही म्हणते. बॅग मी त्याच संध्याकाळी माळ्यावर टाकली. टाक म्हणून मला कुणी सांगितलं नव्हतं.